हळदीचा पिवळा उतरवताना

“ताई, ही हळद माझी न्हवं.”

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीवर शेठनी माझा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यांच्या स्वतःच्या नावाची पाव किलोची पाकिटं बाजारात यायची होती आणि पाकिटावरच्या फोटोचं काम माझ्याकडे होतं. पितळेच्या ताटात राजापुरी हळकुंडं, शेजारी दळलेल्या हळदीचा ढीग, मागे जुनं पोतं. मला तो फोटो आवडला होता. शेठनी समोरच्या पोत्यातून एक हळकुंड उचललं, कटकन मोडलं आणि मोडलेली बाजू स्क्रीनजवळ धरली. हळकुंडात तांबूस झाक असलेला खोल पिवळा होता आणि स्क्रीनवर लिंबाच्या सालीचा रंग. “सौद्यात आमी हळकुंड मोडून भाव करतो. ह्यो फोटो बघून गिऱ्हाईक म्हणंल, माल परगावचा हाय.”

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, हळद साठवायची रीत त्याच्या कितीतरी आधीची. रंगावर भाव ठरणाऱ्या गावात राहून मी रंग चुकवला, हे मला फार लागलं. परत येताना गाडीवर एकच विचार चालू होता: हा पिवळा माझ्या कॅमेऱ्याला दिसला नाही, की दिसला आणि नंतर कुठेतरी हरवला?

ते फोटो मी रॉमध्येही, म्हणजे सेन्सरला दिसलं तसं कच्चं ठेवणाऱ्या फायलीतही, काढले होते. तरी शेठना दाखवले ते कॅमेऱ्यानेच रंग ठरवून थेट तयार करून दिलेले जेपेग, कारण रॉ उघडणं हे तेव्हा माझ्याकडे एक वेगळंच काम होऊन बसलं होतं. स्टुडिओतल्या मशीनवर लाइटरूम ६ होतं, म्हणजे रॉ उघडून फोटोचे रंग-उजेड सुधारायचं अडोबीचं सॉफ्टवेअर. २०१५ मध्ये आलेली ती आवृत्ती एकदाच पैसे भरून कायमची घेता येत होती. पुढच्या आवृत्त्या वर्गणीवर गेल्या. माझ्या जुन्या कॅनन ६डी कॅमेऱ्याच्या रॉ फायली, सीआर२, तिथे सुरळीत उघडायच्या. मग कॅननचाच आर६ घेतला आणि फायली सीआर३ झाल्या. कॅननने हे स्वरूप २०१८ मध्ये आणलं आणि लाइटरूम ६ चं शेवटचं अपडेट २०१७ च्या डिसेंबरातलं, त्यामुळे जुन्याला नव्याची ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता. रॉ फायली डीएनजी या जुन्या सॉफ्टवेअरलाही कळणाऱ्या स्वरूपात बदलणारा अडोबीचा कन्व्हर्टर मोफत मिळतो, तो मध्ये घालून मी एक अख्खी लग्नसराई काढली. दोन दिवसांच्या लग्नाचे २,८०० फोटो म्हणजे साधारण ६० जीबी. ते रात्रभर डीएनजीत बदलायचे, म्हणजे जवळपास तेवढीच जागा पुन्हा लागायची, आणि सकाळी कामाला सुरुवात. घाई असली की मी जेपेगवर भागवू लागले होते. शेठचं काम तशा घाईतलंच.

आषाढी एकादशी जवळ आली होती. देवशयनीनंतर आमच्याकडे लग्नं थांबतात ती तुळशीचं लग्न लागेपर्यंत. मी ठरवलं, या चातुर्मासात सॉफ्टवेअरचा निकाल लावायचा. शेठकडून महिनाभराची मुदत मागून घेतली.

निवडीचे निकष काय ठेवायचे, याबाबत मला फार विचार करावा लागला नाही. ते २०१९ च्या ऑगस्टनेच मला शिकवून ठेवले होते.

आमचा स्टुडिओ खणभागात, तळमजल्यावर. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना “जेवलास का” विचारावं तशी “आयर्विनला किती फूट” असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पाण्याची पातळी तिथे मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. आम्ही आदल्या रात्री कॅमेरे, लेन्स आणि फोटोंच्या सगळ्या हार्ड डिस्क वर नेल्या. कॉम्प्युटरचा जड डबा टेबलावर चढवून ठेवला, पाणी टेबलापर्यंत येणार नाही या भरवशावर. ते टेबलाच्या वर गेलं.

पाणी उतरल्यावर पाहिलं तर फोटो सगळे शाबूत होते. चार वर्षांची रॉ फायल ना फायल डिस्कवर होती. पण त्या फोटोंवर मी केलेलं काम, म्हणजे कुठला चेहरा किती उजळला, मांडवाच्या कापडाचा पिवळा कसा काढला, कुठे कापलं, हे सगळं लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या एकत्रित नोंदींच्या फायलीत होतं, आणि कॅटलॉग त्या डब्याच्या आतल्या डिस्कवर. लाइटरूममध्ये प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी मजकुराची फायल लिहून ठेवायची सोय आहे. ती आपण चालू करावी लागते. मी केलेली नव्हती. दोन लग्नांचे अल्बम तेव्हा छपाईला जायचे बाकी होते. ती दोन्ही कामं मी पहिल्या फोटोपासून पुन्हा केली आणि दुसऱ्यांदा केलेला रंग पहिल्यासारखा आला नाही. नवरीच्या आईने ते ओळखलंही. आधी पाठवलेले नमुने तिच्या फोनमध्ये होते.

त्या दिवसांत अप्पांनी मला त्यांची निगेटिव्हची पेटी उघडून दाखवली. माझ्या वडिलांनी याच जागेत तीस वर्षं डार्करूम चालवली. प्रत्येक निगेटिव्हचं कागदी पाकीट, पाकिटावर नाव आणि तारीख, आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात: “ग्रेड २. १२ सेकंद. चेहरा ३ रोखणे.” म्हणजे कुठला कागद, किती सेकंद उजेड आणि त्यातले किती सेकंद चेहऱ्यावरचा उजेड अडवायचा. पुन्हा प्रिंट मागायला कुणी दहा वर्षांनी आलं तरी पाकीट काढायचं, वाचायचं आणि तसंच छापायचं. त्यांच्याकडे नोंदवही पण होती, पण छपाईची नोंद त्यांनी वहीत कधीच ठेवली नाही. मी कारण विचारलं. म्हणाले, “वही एका जागी, निगेटिव्ह दुसऱ्या जागी. एक दिवस एकच सापडणार.”

या चातुर्मासात सॉफ्टवेअर बघायला बसले तेव्हा ते पाकीट मी टेबलावर समोर ठेवलं होतं.

तपासणीसाठी मी माझ्याच साठ्यातल्या सगळ्यांत अवघड फायली काढल्या. कंपन्यांच्या नमुन्याच्या फोटोंत डोंगर आणि समुद्र फार सुंदर दिसतात, पण मला मांडवाखाली काम करायचं असतं. एक फायल हरिपूरच्या हळदी समारंभाची: भर दुपार, वर पिवळं कापड, नवरीच्या एका गालावर ऊन आणि त्या उन्हातच हळद. एक रिसेप्शनची, स्टेजवर निळे-जांभळे एलईडी, शालू लाल आणि चुडा हिरवा. एक जागरण-गोंधळाची, रात्री दिवटीच्या उजेडात, कॅमेऱ्याची संवेदनशीलता खूप चढवून, आयएसओ १२,८०० वर काढलेली. आणि शेठचा हळदीचा ढीग.

पहिल्या चार-पाच दिवसांतच एक गोष्ट पक्की कळली. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूला एकच रंग दिसतो. दर चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७६ च्या पेटंटमधली ही मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेब करून भरायचे, मग त्या आकड्यांना आपल्या डोळ्याला पटणाऱ्या रंगांत बसवायचं, मग अंधार-उजेडाचा कर्व्ह लावायचा. हे तिन्ही निर्णय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसांनी घेतलेले असतात. म्हणून तीच फायल सहा ठिकाणी उघडली तर सहा नवऱ्या दिसतात. माझ्या स्क्रीनवर खरोखरच सहा दिसल्या. एकीचा गाल गुलाबी, एकीचा विटकरी, एकीच्या गालावरची हळद पार पुसलेली.

हळदीचं तर आणखी खोल आहे. हळदीतलं कर्क्युमिन निळा-जांभळा उजेड शोषून घेतं. त्यामुळे फोटोतली निळी वाहिनी, म्हणजे निळ्या रंगाचे आकडे, जवळजवळ रिकामी राहते, लाल वाहिनी भरलेली आणि हिरवी तिच्या थोडी खाली. लाल आणि हिरव्यातलं ते थोडं अंतर म्हणजेच हळदीची तांबूस झाक. फोटो उजळायला कर्व्ह लावला आणि तो तिन्ही वाहिन्यांवर वेगवेगळा चढला की लाल आधी छताला टेकतो, हिरवा मात्र वर येतच राहतो. अंतर मिटतं आणि तांबूस पिवळ्याचा लिंबू होतो. शेठच्या जेपेगमध्ये हेच झालं होतं. नवरीच्या उन्हातल्या गालावरही हेच होत आलं होतं, इतकी वर्षं. मी त्याला ऊन म्हणत होते.

रॉमध्ये मात्र ते अंतर जिवंत होतं. जेपेगमध्ये एका वाहिनीला २५६ पायऱ्या, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणजे कॅमेऱ्याला पिवळा दिसला होता. हे कळलं त्या संध्याकाळी मी अप्पांना हाक मारून स्क्रीन दाखवली. त्यांचं लक्ष पिवळ्याकडे नव्हतं. त्यांनी पितळेच्या ताटाच्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथे पांढरं उडू देऊ नकोस.”

आता एकेका सॉफ्टवेअरबद्दल. सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही, कारण सगळ्यांनी माझा सारखा वेळ घेतला नाही.

कॅननचं स्वतःचं डिजिटल फोटो प्रोफेशनल मोफत आहे आणि कॅमेऱ्यातला पिक्चर स्टाइल, म्हणजे कॅमेऱ्यात निवडलेली रंगांची ढब, ते जसाच्या तसा उतरवतं. आपण केलेले बदल ते थेट रॉ फायलीतच लिहून ठेवतं, म्हणजे अप्पांच्या पाकिटाची कसोटी ते सहज पार करतं. महिन्याला वीस-पंचवीस फोटोंचं काम असतं तर मी तिथेच थांबले असते. २,८०० फोटोंची छाटणी करून, त्यातल्या ६०० वर काम करून चार दिवसांत द्यायचे, हा वेग मला तिथे साधला नाही.

डीएक्सओ फोटोलॅबने गोंधळाचा फोटो असा स्वच्छ केला की दिवटीचा धूरसुद्धा वेगळा दिसला. त्यांची डीपप्राइम पद्धत बिंदूंचा हिशेब आणि अंधारातल्या फोटोवर उठणारे दाणे काढणं एकाच पायरीत करते. बदल फोटोशेजारी डॉप नावाच्या फायलीत राहतात, तेही मला हवं तसं. मी दोन दिवस त्याच्या प्रेमात होते. मग तो फोटो अल्बमच्या मापाला छापून पाहिला. आमची शीट १२ बाय ३६ इंचांची. तिच्या अर्ध्या भागावर, म्हणजे १२ बाय १८ वर, इंचाला ३०० बिंदू धरले तर ५,४०० बाय ३,६०० बिंदू लागतात. आर६ देतो ५,४७२ बाय ३,६४८. जवळजवळ बिंदूला बिंदू. हातभर अंतरावरून बघितल्यावर जुन्या पद्धतीने साफ केलेल्या आणि नव्या पद्धतीने साफ केलेल्या प्रिंटमधला फरक वहिनीला सांगता आला नाही, मला आला तो फक्त मला माहीत होतं म्हणून. वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्यांसाठी हा निकष पहिला असेल. माझ्यासाठी तो चौथा निघाला.

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, पैसे पडत नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. डार्कटेबल तर प्रत्येक फोटोशेजारी आपोआप एक्सएमपी लिहितं आणि त्यात बदलांचा पूर्ण क्रम ठेवतं. पाकिटावरची पेन्सिल याहून नेमकी कुणी जपत नसेल. रंगछटा न हलवता उजेड बदलायचे मार्गही त्यात आहेत, हळदीचा ढीग तिथे फार लवकर शेठच्या पोत्याजवळ गेला. पण माझं काम मी एकटी करत नाही. छाटणी आणि पहिला हात वहिनी फिरवते, मिरजेतून, मुलं शाळेत गेल्यावरच्या चार तासांत. तिच्यापुढे मी ते आठवडाभर ठेवलं. ती शिकायला कचरणारी बाई नाही. तरी आठव्या दिवशी म्हणाली, “वन्सं, काम चांगलं होतंय हो, पण एका फोटोला मी चार ठिकाणी हात लावतेय आणि कुठला हात कशाला लागला ते मला कळत नाही.” तिचे तास म्हणजे आमचे पैसे आहेत. ते मी तिथेच सोडलं, जड मनाने.

उरली दोन, लाइटरूम क्लासिक आणि कॅप्चर वन.

लाइटरूम मला घरासारखं. हात आपोआप चालतात. नव्या आवृत्तीत नवरीचा चेहरा, शालू, पार्श्वभूमी हे सगळं एका क्लिकमध्ये वेगळं निवडता येतं, आणि रिसेप्शनच्या निळ्या-जांभळ्या एलईडीत ते फार कामी येतं. कॅमेऱ्याचं प्रोफाइल बदलून हळदीचा रंगही बराच जवळ आला. जे सहकारी विचारतात त्यांना मी आजही सांगते, तुमचं सगळं तिथे बसलेलं असेल तर रंगासाठी म्हणून हलू नका. मात्र एक्सएमपी चालू करा. आणि एवढं लक्षात ठेवा की एक्सएमपीत सगळं जात नाही: कलेक्शन, म्हणजे फोटोंचे आपण केलेले गट, आणि एकाच फोटोच्या ज्या आभासी प्रती आपण करतो, त्या कॅटलॉगमध्येच राहतात. आमच्याकडे एका फोटोचे दोन-तीन अवतार नेहमी असतात. अल्बमसाठी एक, आजींना हवा म्हणून कृष्णधवल एक. पुरात बाकी कामाबरोबर हेही हरवलं होतं. शिवाय वर्गणी थांबली की फोटो दिसतात, बाहेर काढता येतात, पण डेव्हलप विभाग, म्हणजे रंग-उजेड बदलायचा भाग, बंद होतो. चातुर्मासात चार महिने हातात पैसा नसतो, त्या दिवसांत ही जाणीव मनावर बसते.

कॅप्चर वनमध्ये मला सेशन भेटलं. एक लग्न म्हणजे एक सेशन, म्हणजे साधं एक फोल्डर. त्याच्या पोटात कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट आणि ट्रॅश अशी चार फोल्डर, आणि केलेले बदल फोटोंच्या शेजारच्याच उपफोल्डरात. फोल्डर उचललं की काम उचललं गेलं. पहिल्या दिवशीच मी हरिपूरच्या लग्नाचं सेशन छोट्या डिस्कवर टाकलं, भावाच्या हाती मिरजेला पाठवलं आणि वहिनीला काहीही न सांगता उघडायला लावलं. पंधरा मिनिटांनी तिचा फोन. निवडीसाठी दिलेले सगळे तारे, सगळे रंग, सगळ्या जादा प्रती जागेवर. कॅटलॉग बाहेर काढा, पलीकडे आत घ्या, परत आल्यावर मिळवा, असली कुठली भानगड नाही. त्या फोननंतर माझा निर्णय बहुतेक झालाच होता. रंगाची परीक्षा मी तरी पूर्ण केली, शेठसाठी.

कॅप्चर वनमध्ये मूळ कर्व्ह बदलता येतो. नेहमीच्या फिल्म कर्व्हऐवजी लिनिअर रिस्पॉन्स निवडला की फोटो आधी मातकट, निर्जीव दिसतो. तिथे घाबरायचं नाही. मग उजेड चढवायचा तो कर्व्हच्या लुमा नावाच्या भागातून. तो फक्त प्रकाशमान हलवतो, वाहिन्या वेगवेगळ्या ओढत नाही. लाल आणि हिरव्यातलं अंतर टिकलं. ढीग उजळला तरी तांबूस राहिला.

एक धोका नमूद करते, कारण त्यात माझा एक दिवस गेला. तिथे त्वचेचा रंग एकसारखा करायचं साधन आहे. साखरपुड्याच्या फोटोंत ते अप्रतिम चालतं. हळदीच्या फोटोत निवडीचा पट्टा जरा रुंद राहिला तर ते हळद आणि कातडी दोन्ही एकाच रंगाकडे ओढतं, आणि नवरी कावीळ झाल्यासारखी दिसू लागते. हळदीच्या दिवशी ते साधन मी बंद ठेवते.

पुन्हा पेढीवर गेले ते सकाळी अकराला. यावेळी केबल, लॅपटॉप आणि चोवीस चौकोनांचं कलर चेकर कार्ड सोबत होतं, आणि कोल्हापूरच्या एका मैत्रिणीचं स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र आणून लॅपटॉपची स्क्रीन आदल्या दिवशी नीट करून घेतली होती. पेढीतल्या एलईडी ट्यूब बंद करायला लावल्या. स्वस्त ट्यूबच्या उजेडात गडद लाल कमी असतो, आणि जो उजेडातच नाही तो लाल कुठल्याच सॉफ्टवेअरमधून येणार नाही. ताट दारात सावलीत ठेवलं. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली, म्हणजे फोटो जरा अंधारा, कारण कॅमेऱ्याच्या पाठीवरचा उजेडाचा आलेख, हिस्टोग्राम, जेपेगचा असतो, त्याच्यावर लाल वाहिनीबाबत मी विश्वास ठेवत नाही. कार्डाचा एक फोटो घेतला, त्यावरून पांढरा ठरवला. कॅमेरा केबलने जोडलेला, त्यामुळे शटर दाबलं की दोन-तीन सेकंदांत फोटो शेठपुढे.

शेठ शेजारी खुर्ची घेऊन बसले. डाव्या हातात मोडलेलं हळकुंड. कार्डाने बहुतेक रंग जागेवर आणले होते, तरी शेवटची छटा मी त्यांच्या डोळ्यांवर सोडली. पिवळ्याचा पट्टा निवडून मी तो केसभर तांबड्याकडे सरकवायची आणि ते हळकुंड स्क्रीनशेजारी धरायचे. “अजून.” मग “लई झालं.” मग बराच वेळ काही नाही. अडत्याकडचे दोघं मागे येऊन उभे राहिले होते. शेवटी शेठ म्हणाले, “हां. आता माझी हाय.”

छपाईला फायल देतानाही एक गोष्ट सांभाळली. आमच्या अल्बमच्या लॅबला एसआरजीबी या नेहमीच्या, मर्यादित रंगांच्या पट्ट्यातलं जेपेग लागतं आणि हाताच्या सवयीने मी तेच निवडणार होते. पण छापखान्याच्या पिवळ्या शाईतून जो पिवळा निघू शकतो, त्यातला गडद भाग एसआरजीबीत मावतच नाही. आपणच तो कापून दिला तर पुढे कुणी आणू शकत नाही. म्हणून पाकिटासाठी सोळा बिटांची टिफ फायल, अडोबी आरजीबी या जास्त रुंद पट्ट्यात, आणि सोबत शेठने मंजूर केलेल्या रंगाचा एक छापील नमुना आणि कागदी पुडीत बांधलेली मूठभर हळद. छापखान्यातल्या माणसाने पुडी बघून आधी मान हलवली, मग ती मशीनजवळच्या फळीवर ठेवली.

कॅप्चर वन मी कायमच्या परवान्याने घेतलं. एका साखरपुड्याच्या ऑर्डरइतके पैसे गेले. त्याची अट मला माहीत आहे: पुढच्या आवृत्त्यांतल्या नव्या सोयी त्यात येणार नाहीत, आणि उद्या नवा कॅमेरा घेतला तर पुन्हा हाच प्रश्न उभा राहील. आर६ अजून चार-पाच वर्षं चालवायचा असल्याने मला हा हिशेब परवडला. वर्षा-दोन वर्षांनी कॅमेरा बदलणाऱ्याला कदाचित वर्गणीच स्वस्त पडेल.

जुनं काम मात्र नव्यात आणायच्या फंदात पडले नाही. लाइटरूमचा कॅटलॉग कॅप्चर वनमध्ये घेता येतो, पण येतात ते तारे, कीवर्ड, कापणं, आणि एक्स्पोजरसारखे मोजके बदल. प्रत्येक सॉफ्टवेअरची भाषा वेगळी, एकाचा “कॉन्ट्रास्ट २०” दुसऱ्याला कळत नाही. म्हणून जुन्या अल्बमांतले निवडक फोटो पूर्ण मापात काढून ठेवले, जुनं मशीन लाइटरूम ६ सकट झाकून वरच्या मजल्यावर ठेवलं, आणि त्याच्या कॅटलॉगची प्रत आता मिरजेला भावाकडे आहे. प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती असतात: एक खणभागात पहिल्या मजल्यावर, एक मिरजेत, एक कामाच्या डिस्कवर.

अल्बम डिझाइन करणाऱ्या मुलाला काहीच बदललेलं कळलं नाही. त्याला पूर्वीसारखी जेपेग मिळतात. मला तेच हवं होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी हरिपूरला हळद होती, संगमाजवळच्या वाड्यात. भर दुपार, पुन्हा तेच पिवळं कापड. रात्री सेशन डिस्कवर टाकून पाठवलं. दुसऱ्या दिवशी साडेबाराला वहिनीचा फोन आला. म्हणाली, “वन्सं, उन्हातल्या गालावरची हळद दिसतेय. मी काहीच केलं नाही अजून.”

मी प्रत्येक सेशनच्या फोल्डरात आता साध्या मजकुराची एक फायल ठेवते. कुठली आवृत्ती, कुठला कर्व्ह, उजेड कसा होता, काय हलवलं आणि काय मुद्दाम हलवलं नाही. सॉफ्टवेअर उद्या राहिलं नाही तरी ती कुणालाही वाचता येईल. ती लिहीत होते तेव्हा अप्पा मागे उभे राहून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी डिस्कची डबी हातात घेतली, तिच्यावर कागदाचा एक चौकोन चिकटवला आणि खिशातली पेन्सिल काढून बारीक अक्षरात लिहिलं:

“हरिपूर. हळद. लिनिअर. लाल उचलू नये.”